लढाईतली रेल्वे आणि सारख्या पगाराचा हुकूम

आपल्या वाचकांत रेल्वेची नोकरी केलेली घरे पुष्कळ आहेत. गँगमन, खलाशी, सांधेवाला, फायरमन हे शब्द आपल्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून या वेळी आम्ही रेल्वेचाच विषय घेतला आहे. मात्र ही रेल्वे आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे आणि काळ पहिल्या महायुद्धाचा आहे. त्या युद्धात अमेरिकन सरकारने देशातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या खाजगी रेल्वे कंपन्या एका दिवसात ताब्यात घेतल्या, सव्वीस महिने स्वतः चालवल्या आणि मग मालकांना परत दिल्या. या प्रकरणाची मोठमोठी पुस्तके आहेत. त्यांत इंजिने, वाघिणी, नफातोटा यांचा हिशेब सविस्तर सापडतो. आम्हाला त्यातला दुसराच हिशेब पाहायचा आहे. रेल्वे सरकारच्या हातात गेली तेव्हा सगळ्यात खालच्या कामगाराच्या हातात काय पडले, आणि जे पडले ते त्याच्याकडे किती दिवस राहिले?

आधी सरकारवर ही वेळ का आली ते पाहू. अमेरिकेत तेव्हा अडीच लाख मैलांचा लोहमार्ग होता आणि तो शेकडो कंपन्यांत वाटलेला होता. ज्याची त्याची गाडी, ज्याचे त्याचे यार्ड, ज्याचा त्याचा कोळसा. दोन गावांना जोडणारे दोन-तीन समांतर मार्ग असायचे आणि प्रत्येक कंपनी गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायची. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. कंपन्यांच्या अध्यक्षांनी एकत्र बसून जाहीर केले की आम्ही भांडणे बाजूला ठेवू आणि सगळ्या रेल्वे एक असल्यासारख्या चालवू. मंडळ नेमले, पत्रके काढली. पण ज्यांची सारी हयात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवण्यात गेली, ते एका ठरावाने एक कसे होणार?

माल सगळा एकाच दिशेला, पूर्वेच्या बंदरांकडे निघाला होता. तिथे जहाजे पुरेशी नव्हती. भरलेल्या वाघिणी उतरवायला जागा नाही, म्हणून वाघिणीच गोदाम झाल्या. त्या अडकून पडल्या की पश्चिमेकडे धान्य आणि खाणींतला कोळसा भरायला वाघिणी मिळेनात. त्यात एक भलतीच सोय करून ठेवली होती. सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांतल्या अधिकाऱ्यांना आपल्या मालावर तातडीची चिठ्ठी लावण्याचा अधिकार होता. लष्कराची चिठ्ठी, आरमाराची चिठ्ठी, जहाजबांधणीची चिठ्ठी. होता होता पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या काही भागांत शंभरातला पंच्याऐंशी टक्के माल तातडीचा झाला. सगळेच तातडीचे म्हणजे काहीच तातडीचे नाही. ज्या पोलादाची गरज आणखी काही महिन्यांनी होती ते जहाजाच्या कारखान्याबाहेर ढीग लावून पडले आणि जहाजे मात्र कोळशावाचून बंदरात उभी राहिली. वरून त्या वर्षीचा हिवाळा अतिशय कडक निघाला. शहरांत लोकांना शेगडीपुरता कोळसा मिळेना.

शेवटी २६ डिसेंबर १९१७ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जाहीरनामा काढला आणि २८ डिसेंबरच्या दुपारी रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. युद्धकाळात वाहतुकीची साधने ताब्यात घेण्याचा अधिकार १९१६ च्या लष्करी खर्चाच्या कायद्यात आधीच लिहून ठेवलेला होता. कारभाराला महासंचालक म्हणून विल्यम मॅकॅडू यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ देशाचे अर्थमंत्री होते आणि अध्यक्षांचे जावईही होते.

मालकांची काळजी पहिल्यांदा घेतली गेली, हे सांगितले पाहिजे. मार्च १९१८ मध्ये कायदा झाला. ज्या कंपनीला मागच्या तीन वर्षांत सरासरी जेवढे निव्वळ उत्पन्न झाले असेल, तेवढे भाडे सरकार तिला दर वर्षी देईल. गाडी चालो न चालो, तोटा होवो न होवो, भाडे ठरलेले. तह झाल्यावर एकवीस महिन्यांच्या आत रेल्वे परत करायची, हेही त्याच कायद्यात ठरले.

कारभार मात्र सुधारला. माल जवळच्या रस्त्याने जाऊ लागला, मग तो रस्ता कोणत्याही कंपनीचा असो. रिकाम्या धावणाऱ्या समांतर पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. एका गावात चार कंपन्यांच्या चार तिकीट कचेऱ्या होत्या तिथे एक झाली. इंजिनांचे मोजके ठराविक नमुने ठरवून त्याच मापाची इंजिने आणि एक लाख वाघिणी मागवल्या गेल्या. खर्च भागवायला १९१८ च्या जूनमध्ये मालाचे दर पाव हिश्शाने वाढवले. तरीही सगळा हिशेब संपला तेव्हा सरकारला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा आला होता. सरकारीकरणाचे विरोधक हा आकडा पुढे कित्येक वर्षे तोंडावर फेकत राहिले. मालकांचे हमीचे भाडे आणि युद्धाची महागाई त्याच आकड्यात बसलेली आहे, हे सांगायला मात्र ते विसरत.

आता कामगारांकडे येऊ. मॅकॅडू यांनी आल्याआल्या दोन गोष्टी केल्या. युनियनचा सभासद आहे म्हणून कोणाला काढता येणार नाही, असा हुकूम फेब्रुवारी १९१८ मध्ये काढला. आणि पगाराची चौकशी करायला फ्रँकलिन लेन या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसवला. या आयोगाने जे आकडे काढले ते पाहून पुष्कळांचे डोळे उघडले. रेल्वेचा नोकर म्हणजे इंजिनवरचा ड्रायव्हर आणि त्याचा घसघशीत पगार, असे लोकांना वाटत असे. आयोगाने दाखवले की डिसेंबर १९१७ मध्ये रेल्वेच्या निम्म्याहून अधिक नोकरांना महिन्याला पंच्याहत्तर डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि ऐंशी टक्के लोक शंभर डॉलरच्या आतले होते. दोन वर्षांत महागाई मात्र चाळीस टक्क्यांनी वाढली होती. २५ मे १९१८ रोजी सत्तावीस नंबरचा हुकूम निघाला. ज्यांचा पगार १९१५ मध्ये शेहेचाळीस डॉलरच्या आत होता त्यांना महिन्याला वीस डॉलरची वाढ, वरच्यांना उतरत्या क्रमाने कमी, आणि मोठ्या पगारवाल्यांना काही नाही. वाढ १ जानेवारीपासून धरून मागील बाकीसह. खालच्याला जास्त आणि वरच्याला कमी, अशी पगारवाढ तेव्हाही क्वचितच होत असे.

आणि याच हुकुमात एक लहानसे कलम होते. फायरमन, गाडीवरचे ब्रेकमन वगैरे लोक आणि यार्डातले सांधेवाले या कामांवर जे काळे लोक आहेत, त्यांना १ जून १९१८ पासून त्याच कामावरच्या गोऱ्यांइतकाच पगार मिळेल.

या कलमाचे वजन समजण्यासाठी काळ्या माणसाची रेल्वेत काय जागा होती ते माहीत पाहिजे. अमेरिकेत लाखाहून अधिक काळे कामगार रेल्वेत होते. रूळ टाकणे, खडी भरणे, फलाटावर ओझी वाहणे, डबे धुणे, झोपायच्या डब्यात बिछाने घालणे ही त्यांची ठरलेली कामे. दक्षिणेकडच्या राज्यांत फायरमन आणि ब्रेकमनही बरेचसे काळे असत. का असत? कारण ते काम अंग भाजणारे आणि जीव घेणारे होते. दिवसभर फावड्याने कोळसा ओढून भट्टीत टाकायचा. ब्रेकमनने पूर्वी चालत्या मालगाडीच्या छतावरून पळत जाऊन चाक फिरवून ब्रेक लावायचा, दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहून जोडणी करायची. त्यात बोटे आणि पंजे गेलेली माणसे प्रत्येक यार्डात दिसत. काम तेच, पगार गोऱ्यापेक्षा बराच कमी. आणि वर चढायला शिडी नाही. गोरा फायरमन काही वर्षांनी ड्रायव्हर व्हायचा. काळा फायरमन वीस वर्षे इंजिनवर राहिला, त्याने कित्येक गोऱ्या पोरांना इंजिन ओळखायला शिकवले, तरी तो फायरमन म्हणूनच उतरायचा. काही ठिकाणी तर काम ब्रेकमनचे आणि हजेरीपटावर नाव ‘पोर्टर’. नाव पोर्टरचे म्हणजे पगारही पोर्टरचा.

इथे आपल्याला मनमाड आठवल्याशिवाय राहत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद मनमाडला भरली, तेव्हा अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे अशी रीत आणि याचा तर विटाळ होतो. कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे सुप्रसिद्ध म्हणणे त्याच भाषणातले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. रेल्वे सरकारने घेतली तेव्हा ते भारतात परतलेले होते.

सारख्या पगाराचा हुकूम काढणारे मॅकॅडू काही समतेचे पुजारी नव्हते. ते जॉर्जियाचे. १९१३ मध्ये विल्सन सरकार आले तेव्हा राजधानीतल्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना वेगळे बसवण्याची जी लाट आली, त्यात मॅकॅडू यांचे अर्थखाते पुढे होते. मग हाच माणूस सारखा पगार का देतो? आम्हाला वाटते, गरजेने. युद्धामुळे हजारो काळी कुटुंबे दक्षिण सोडून उत्तरेतल्या कारखान्यांकडे निघाली होती. दक्षिणेतल्या रेल्वेला माणसे टिकवणे भाग होते. शिवाय सगळी रेल्वे एकाच मालकाच्या हाताखाली आल्यावर एकाच कामाचे दोन पगार कोणत्या तोंडाने ठेवणार? कारण काही असो, फायरमनच्या घरात पैसे आले हे खरे. ज्याने ते पैसे पहिल्यांदा मोजले असतील त्याला मॅकॅडूचे मन कसे होते याच्याशी काय करायचे?

पण कथा इथे संपत नाही. काळ्या कामगाराला कंपनी ठेवत होती ती तो स्वस्त होता म्हणून. स्वस्ताई गेली की त्याला ठेवण्याचे कारणही गेले, हे गोऱ्यांच्या युनियन चांगले ओळखून होत्या. १९०९ साली जॉर्जिया रेल्वेवर गोऱ्या फायरमननी काळ्यांच्या विरुद्ध संप केला होता. लवादाने निकाल दिला, काळ्यांना ठेवा, पण पगार गोऱ्यांइतका द्या. हा निकाल ऐकून काळ्यांनी आनंद करावा अशी आपली समजूत होईल. प्रत्यक्षात गोऱ्या युनियनने तो आपला विजय मानला. पगार सारखा असेल तर कंपनी गोराच घेईल, हा त्यांचा हिशेब. म्हणजे समान वेतन ही काळ्याला हाकलण्याची युक्ती होऊ शकते. वाचकहो, आम्ही हा मजकूर दोनदा वाचला तेव्हा कुठे तो डोक्यात शिरला.

सत्तावीस नंबरच्या हुकुमानंतर तेच मोठ्या प्रमाणावर घडले. इंजिनवरच्या आणि गाडीवरच्या कामगारांच्या चारही मोठ्या युनियनांची दारे काळ्यांना बंद होती. सरकार पगार, ज्येष्ठता, बढती यांच्या वाटाघाटी करायचे ते याच युनियनांशी. १९१९ च्या जानेवारीत मेम्फिसच्या यार्डातल्या गोऱ्या कामगारांनी काळ्यांना काढा म्हणून काम बंद केले. पुढच्या करारांत ज्येष्ठतेचे नियम बदलले. वरवर पाहता त्यात रंगाचा शब्दही नव्हता, पण खाली सरकायचा तो काळाच सरकायचा. ज्या टेबलावर आपली भाकरी ठरते तिथे आपल्याला खुर्ची नाही आणि आपल्या नावाने बोलणारा आपल्याच विरुद्ध बोलतो आहे. असा कामगार कागदावरचा हुकूम किती दिवस धरून ठेवणार?

नियमांनी भागले नाही तिथे बंदूक आली. मिसिसिपी राज्यात १९२१-२२ मध्ये आणि पुन्हा १९३१ ते १९३४ या मंदीच्या वर्षांत काळ्या फायरमन आणि ब्रेकमनवर दबा धरून गोळ्या घालण्यात आल्या. रात्री गाडी पाण्यासाठी थांबली की अंधारातून बार निघायचा. अनेक माणसे ठार झाली. जागा रिकामी झाली की तिथे गोरा लागायचा.

स्त्रियांची हकिगतही याच हुकुमात आहे. पुरुष लढाईवर गेल्याने रेल्वेत बायका आल्या. १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांची संख्या लाखावर गेली होती. बहुतेक कचेऱ्यांत कारकून होत्या, पण यार्डात, लोकोशेडमध्ये, डबे धुण्यावरही होत्या. या अवजड आणि घाणीच्या कामांत काळ्या बायका पुष्कळ होत्या. पुरुषाचे काम केल्यास पुरुषाचा पगार, असे सत्तावीस नंबरच्या हुकुमात स्पष्ट लिहिले होते. देखरेखीसाठी रेल्वे प्रशासनात स्त्रियांचा वेगळा विभाग निघाला, पॉलिन गोल्डमार्क या बाई त्याच्या प्रमुख होत्या. त्यांच्या निरीक्षक बायका गावोगाव हिंडून पाहत, स्वच्छतागृह आहे का, जेवायला जागा आहे का, कामाचे नाव बदलून पगार कापला आहे का. शिपाई परत आले तशा बऱ्याच बायका घरी पाठवल्या गेल्या. काळ्या बायकांवर कपात आधी आली.

आणि प्रवाशांचे काय? दक्षिणेत काळ्यांसाठी वेगळा डबा असे, बहुधा इंजिनाला लागून, धूर आणि कोळशाची पूड खाणारा. तिकीट मात्र पूर्ण पैशाचे. रेल्वे खाजगी होती तोवर सरकार म्हणू शकत होते की आम्ही काय करणार. आता तर रेल्वे सरकारचीच होती. काळ्या लोकांनी तसे विचारलेही. पण वेगळा डबा तसाच धावत राहिला, आता सरकारच्या नावाने. १९१९ मध्ये रेल्वे परत देण्याच्या विधेयकावर चर्चा चालू असताना इलिनॉयचे प्रतिनिधी मार्टिन मॅडन यांनी हा भेद बंद करण्याची दुरुस्ती मांडली. ती मोठ्या फरकाने पडली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये लढाई थांबली. आणखी पाच वर्षे रेल्वे सरकारकडे राहू द्या, असे मॅकॅडू यांनी सुचवले, पण संसदेने ऐकले नाही. युनियनांचे वकील ग्लेन प्लंब यांनी योजना मांडली की रेल्वे राष्ट्राची करा आणि कारभार जनता, अधिकारी आणि कामगार या तिघांच्या मंडळाकडे द्या. लाखो कामगार तिच्या मागे उभे होते. तीही बाजूला पडली. १ मार्च १९२० ला रेल्वे मालकांकडे परत गेली. पगार ठरवायला मंडळ नेमले होते. त्याने पहिल्यांदा वाढ दिली आणि १९२१ पासून कापायला सुरुवात केली. १ जुलै १९२२ ला कारखान्यांतले चार लाख कामगार संपावर गेले. त्या वेळी कंपन्यांनी जी नवी माणसे भरली त्यांत काळेही होते. त्यांना संपफोडे म्हणून शिव्या पडल्या. पण ज्या युनियनने त्यांना कधी दारात उभे केले नाही, तिच्या संपासाठी त्यांनी आपली चूल का विझवावी, याचे उत्तर शिव्या देणाऱ्यांकडे नव्हते.

काळ्या कामगारांनी नंतर धरलेली वाट वेगळी होती. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी झोपायच्या डब्यांतल्या पोर्टरची स्वतःची युनियन काढली. पुलमन कंपनीकडून पहिला करार मिळायला १९३७ उजाडले, बारा वर्षे लागली. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर याच रँडॉल्फनी राजधानीवर मोर्चा आणण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धाच्या उद्योगांत वर्णभेद करू नये असा हुकूम काढला आणि समिती नेमली. त्या समितीने १९४३ मध्ये रेल्वेची चौकशी केली आणि काळ्या फायरमनना बढती व कामाचा हक्क द्या असे फर्मावले. दक्षिणेतल्या कंपन्यांनी सरळ नकार दिला. योगायोग असा की त्याच डिसेंबरमध्ये, संपाच्या भीतीने, रूझवेल्ट यांनी देशातली रेल्वे पुन्हा ताब्यात घेतली. तीन आठवडे ती सरकारच्या हातात होती. गाड्या चालू ठेवण्यासाठी जो हात पुढे झाला तो समितीचा हुकूम बजावण्यासाठी झाला नाही. १८ जानेवारी १९४४ ला रेल्वे परत दिली.

अलाबामातले बेस्टर विल्यम स्टील हे फायरमन मात्र तोपर्यंत कोर्टात जाऊन बसले होते. १९१० पासूनची नोकरी, आणि १९४१ मध्ये त्यांना चांगल्या पॅसेंजर गाडीवरून उतरवून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ गोऱ्यांना तिथे चढवले. खटला चार्ल्स ह्यूस्टन या काळ्या वकिलांनी चालवला. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जी युनियन सगळ्या कामगारांच्या वतीने करार करते, तिने सभासद नसलेल्या काळ्या कामगाराचेही हित प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे, त्याच्याविरुद्ध तिला करार करता येणार नाही. गोऱ्यांच्या टेबलावर काय ठरते त्याचा जाब आता मागता येणार होता. स्टील आणि ह्यूस्टन यांच्या या लढ्याची हकिगत मोठी आहे, ती पुन्हा एखाद्या अंकात सवडीने सांगू.